एकाच बाकावर दोघी: कोलकात्याच्या मिशन शाळेत ‘मूल्यं’ नेमकी कुठे दिसतात?

समजा, तुमची किंवा तुमच्या जोडीदाराची बदली कोलकात्याला झाली आहे. ऑफिस सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये. घर जवळच्याच एखाद्या ब्लॉकमध्ये मिळालं. गॅसचं कनेक्शन झालं, मासळीबाजार सापडला, ‘दादा’ आणि ‘दीदी’ म्हणायची सवय झाली. आता सगळ्यात मोठं काम उरलं: मुलीची शाळा.

शेजारच्या काकू सांगतात, “मिशनरी स्कूलमध्ये घाला, शिस्त चांगली असते.” पुण्याहून आजी फोनवर विचारतात, “तिथे रोज येशूची प्रार्थना म्हणायला लावतील का गं?” ऑफिसमधला सहकारी म्हणतो, “इंग्लिश पक्कं होतं.” तिघांचं म्हणणं वेगवेगळं, पण एक प्रश्न तिघांच्याही तोंडी नाही. ज्या ख्रिस्ती मूल्यांसाठी या शाळा ओळखल्या जातात, ती पहिली-दुसरीतल्या मुलाच्या रोजच्या दिवसात नक्की कुठे असतात? ती प्रार्थनेत असतात की डब्यात, भिंतीवरच्या क्रुसात की शेजारी कोण बसतं त्यात?

या प्रश्नाचं उत्तर सॉल्ट लेकपासून मेट्रोने वीसेक मिनिटांवर एका शाळेने फार ठसठशीतपणे देऊन ठेवलं आहे. तिथे जाण्याआधी आपण एका साध्या शाळेच्या साध्या दिवसाकडे बघू या.

परिपाठ, गोष्ट आणि मधली सुट्टी

सॉल्ट लेक म्हणजेच बिधाननगर. १९६० च्या दशकात खाऱ्या पाण्याची दलदल भरून हे नगर उभं राहिलं आणि डॉ. बिधानचंद्र रॉय यांचं नाव त्याला मिळालं. या आखीव वस्तीत ‘आवर लेडी क्वीन ऑफ द मिशन्स’सारखी कॅथलिक शाळा आहे, आणि आसपासच्या जुन्या कोलकात्यात तर दीडशे-पावणेदोनशे वर्षांची परंपरा असलेल्या मिशन शाळा आहेत.

अशा शाळांचा दिवस साधारण सारखाच सुरू होतो. सकाळी परिपाठ, एक छोटी प्रार्थना, दिवसाचा विचार. आठवड्यात एक-दोन तास मूल्यशिक्षणाचे. कॅथलिक शाळांमध्ये बहुधा ख्रिस्ती मुलांसाठी धर्मशिक्षणाचा वेगळा तास असतो आणि त्याच वेळी बाकीच्या मुलांचा ‘मॉरल सायन्स’चा.

या तासांना ज्या गोष्टी सांगितल्या जातात, त्या तुम्हालाही माहीत असतील. रस्त्यात जखमी पडलेल्या माणसाला मोठेमोठे लोक ओलांडून जातात आणि ज्याला सगळे परका, हलका समजतात तो शोमरोनी थांबून त्याची जखम बांधतो. शंभर मेंढरांपैकी एक हरवतं, तर मेंढपाळ नव्याण्णव सोडून त्या एकाला शोधायला निघतो. हजारोंची गर्दी भुकेली असताना एक मुलगा आपल्याजवळच्या पाच भाकरी आणि दोन मासे पुढे करतो. येशू स्वतःच्या शिष्यांचे पाय धुतो.

आता या गोष्टी सात वर्षांच्या मुलाच्या नजरेने ऐका. त्याला त्यातून तीन-चार अगदी सरळ प्रश्न पडतात. वर्गात कोणाला कोणीच खेळायला घेत नाही, त्याला मी घेऊ का? ज्याला गणित येत नाही, त्याच्यासाठी टीचर थांबतील का? माझ्या डब्यातला अर्धा पराठा मी देऊ का? आणि वर्गातला सांडलेला रंग पुसायचं काम फक्त मावशींचं की माझंही?

मूल्यशिक्षणाचा तास इथे संपतो आणि मधली सुट्टी सुरू होते. खरी परीक्षा त्या मधल्या सुट्टीत असते. कारण मुलं ऐकलेलं विसरतात, पण बघितलेलं विसरत नाहीत. टीचर हरवलेल्या मेंढराची गोष्ट छान सांगतात आणि मग वाचता न येणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करतात, तर मूल काय शिकेल? गोष्ट फळ्यावरची, वागणं खरं, एवढंच.

सियालदहची शाळा: दार उघडं ठेवलं तर काय होतं

सेक्टर फाइव्हहून मेट्रो पकडा. करुणामयी, सेंट्रल पार्क, सिटी सेंटर करत आठवं स्टेशन येतं सियालदह. जुलै २०२२ पासून मेट्रो इथपर्यंत धावू लागली. सियालदह म्हणजे लोकलची प्रचंड गर्दी, हमाल, भाजीच्या टोपल्या आणि वर्षानुवर्षं फलाटावर व फुटपाथवर वाढणारी मुलं. याच भागात १८५७ मध्ये सुरू झालेली लॉरेटो डे स्कूल आहे.

लॉरेटोच्या सिस्टर्स आयर्लंडहून १८४१ च्या अखेरीस कोलकात्यात आल्या. मदर तेरेसा आधी याच संस्थेत होत्या आणि सियालदहपासून जवळच एंटालीच्या सेंट मेरीज शाळेत शिकवत होत्या. म्हणजे गरिबांची सेवा हा शब्द या संस्थेला नवा नव्हता. तरीही लॉरेटोच्या शाळा शहरात ओळखल्या जात त्या चांगल्या घरच्या मुलींच्या, उत्तम इंग्रजीच्या शाळा म्हणून.

१९७९ मध्ये सियालदहच्या शाळेत सिस्टर सिरिल मूनी मुख्याध्यापिका झाल्या. जन्माने आयरिश असलेल्या सिस्टर १९५६ मध्ये भारतात आल्या आणि २०२३ मध्ये कोलकात्यातच त्यांचं निधन झालं. त्या आल्या तेव्हा शाळेत सुमारे ७९० मुली होत्या आणि त्यातल्या गरीब घरच्या फक्त ९०. पुढच्या वीस वर्षांत शाळा १,४०० मुलींवर गेली आणि त्यातल्या निम्म्या मुलींना फी नव्हती. फी भरणारी आणि न भरणारी, दोघी एकाच वर्गात, एकाच गणवेशात, एकाच बाकावर.

१९८५ मध्ये त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. शाळेच्या फाटकाबाहेर जी मुलं दिवसभर दिसत होती, त्यांच्यासाठी फाटकच उघडलं. या उपक्रमाचं नाव ‘रेनबो’. रस्त्यावरची मुलं ठरावीक वेळेला, ठरावीक वर्गात येऊ शकत नाहीत. कोणी कचरा वेचतं, कोणी धाकट्या भावाला सांभाळतं. म्हणून ती जमेल तेव्हा येत आणि आली की शिकत.

पण त्यांना शिकवणार कोण? वेगळे शिक्षक नेमायला पैसे नव्हते. तेव्हा उत्तर सापडलं शाळेतच: पाचवीपासूनच्या मुली. कार्यानुभवाच्या तासाला भरतकाम किंवा कागदाची फुलं करण्याऐवजी या मुली एकेका रेनबो मुलाला शेजारी बसवून शिकवू लागल्या. एक मुलगी, एक मूल. वेगवेगळ्या वर्गांचे तास वेगवेगळ्या वेळी, त्यामुळे रस्त्यावरून मूल कधीही आलं तरी कोणीतरी हजर. वाचन-लेखन जमलं की मूल त्याच्या वयाच्या वर्गात, याच शाळेत किंवा जवळच्या दुसऱ्या शाळेत जायचं. पुढे ज्यांना रात्री झोपायला सुरक्षित जागा नव्हती, अशा मुलींसाठी शाळेच्या इमारतीतच राहण्याची सोय झाली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मुलींनी खाऊचे पैसे साठवून दान दिलं, असं हे नाही. त्यांनी आपला वेळ दिला आणि समोरच्या मुलाचं नाव लक्षात ठेवलं. दान देणारा वर आणि घेणारा खाली, ही पायरी त्यामुळे बरीचशी पुसली गेली. दहा वर्षांच्या मुलीला कळलं, की स्टेशनवर झोपणारी मुलगी आपल्याहून पटकन बेरीज करते, कारण ती रोज बाजारात सुट्टे पैसे मोजते.

सिस्टर सिरिल यांना २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. शाळेला युनेस्कोचा साक्षरतेसाठीचा नोमा पुरस्कार १९९४ मध्येच मिळाला होता.

“मग माझ्या मुलीच्या अभ्यासाचं काय?”

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर लाजू नका. फी भरणाऱ्या कुठल्याही आईबापाच्या मनात तो येतो. आपण पोटाला चिमटा काढून चांगल्या शाळेत घालतो आणि तिथे आपलं मूल आठवड्याचे दोन तास दुसऱ्याला शिकवण्यात घालवतं, हे पचायला जड जातं. शिवाय आजारपण, भाषा, शिव्या, संगत अशा शंका असतात, त्या उघड बोलल्या जात नाहीत एवढंच.

याचं एक उत्तर कोणत्याही शिक्षकाला विचारा. दुसऱ्याला समजावून सांगताना आपलं स्वतःचं पक्कं होतं. अपूर्णांक तुम्हाला कळले आहेत की नाही, हे तुम्ही ते कोणाला तरी भाकरीचे तुकडे करून समजावायला बसता तेव्हा कळतं.

पण खरं उत्तर याहून वेगळं आहे. समजा, मुलीचा अभ्यास थोडासा मागे पडला. तरी त्या बदल्यात ती जे शिकली, त्याची किंमत आपल्या घरात काय आहे? शेजाऱ्यावर प्रेम करा, असं शिकवणारी शाळा हवी, पण शेजारी मात्र आपल्यासारखाच हवा, असं आपल्याला वाटत असेल, तर आपल्याला मूल्यं नकोत, नुसता त्यांचा बिल्ला हवा आहे. सियालदहच्या शाळेने हा प्रश्न पालकांसमोर ठेवला आणि तरीही पालक मुलींना तिथे पाठवत राहिले.

आजींची भीती जुनी आहे, १८९३ पासूनची

आता आजींच्या फोनकडे येऊ. त्यांची भीती हसण्यावारी नेऊ नका. मराठी घरांत तिला सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि त्याचा एक धागा कोलकात्यातही आहे.

१८७८ मध्ये एक तरुण मराठी मुलगी आपल्या भावासोबत कोलकात्याला आली. तिचं संस्कृत ऐकून तिथल्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ती पंडिता रमाबाई. पुढे बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचं लग्न झालं, लवकरच वैधव्य आलं, आणि १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

१८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईत ‘शारदा सदन’ काढलं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणलं. बालविधवांना तिथे आसरा आणि शिक्षण मिळे. पुढे महर्षी कर्व्यांशी पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, याच सदनात शिकल्या. पण रमाबाईंच्या खोलीतल्या प्रार्थनेला मुली जाऊन बसतात, हे कळल्यावर पुण्यात वादळ उठलं. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

त्याच काळाआधीची दुसरी बाजूही आपलीच आहे. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. सावित्रीबाईंनी अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले. दोघांनीही धर्म बदलला नाही. पण ज्यांना कोणी शिकवत नाही त्यांना आधी शिकवायचं, ही गोष्ट मात्र त्यांनी आयुष्यभर केली.

म्हणजे आपल्याकडे तिन्ही प्रकारची माणसं झाली: मिशन शाळेत शिकून धर्म न बदलता मोठी झालेली, विचार करून धर्म बदललेली, आणि आपल्या मुलीबद्दल काळजी वाटून तिला परत आणणारी. तिघांपैकी कोणालाही आज मूर्ख ठरवण्याची गरज नाही.

कायदा तुमच्या बाजूने काय सांगतो

आजींना सांगायला एक ठोस गोष्ट आहे. आपल्या राज्यघटनेच्या कलम ३० नुसार अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. त्याच वेळी कलम २८ सांगतं, की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणावरही धार्मिक शिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करता येणार नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. म्हणजे परिपाठातल्या प्रार्थनेबद्दल शाळेला विचारणं हा उद्धटपणा नाही, तुमचा हक्क आहे. नम्रपणे विचारा, स्पष्ट विचारा.

अजून एक कायदा इथे महत्त्वाचा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांना प्रवेशवर्गातल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवायला सांगितल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळलं. २०२५ मध्ये न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाबद्दल शंका घेतली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असं सांगितलं. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने २०२१ च्या अहवालात म्हटलं होतं, की ख्रिस्ती शाळांमधली सुमारे ७४ टक्के मुलं ख्रिस्ती नसलेल्या घरांतली आहेत, आणि अल्पसंख्याक शाळांमध्ये एकूण विद्यार्थ्यांपैकी जेमतेम ९ टक्के मुलं सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित घटकांतली आहेत.

हे आकडे टोचतात. हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगणाऱ्या शाळेत ते मेंढरू वर्गात दिसतच नसेल, तर गोष्ट अर्धी राहते. आणि म्हणूनच सियालदहचं उदाहरण मोठं वाटतं. तिथे २५ टक्क्यांचा कायदा यायच्या कितीतरी आधी निम्म्या जागा दिल्या गेल्या होत्या, कोणी सक्ती केलेली नसताना.

शिस्तीबद्दलही बोलायला हवं. मिशन शाळांच्या कडक शिस्तीचं कौतुक आपल्याकडे फार होतं. जुन्या पिढीतले कित्येक जण पट्टीचे फटके अभिमानाने सांगतात. पण मुलांना मारणं आणि मानसिक छळ, दोन्हीला शिक्षण हक्क कायद्यात बंदी आहे. आणि क्षमा हे ज्या धर्माचं मोठं मूल्य, त्याच्या नावाने चालणाऱ्या शाळेत तर चुकलेल्या मुलाला परत उभं राहायची संधी सगळ्यात आधी मिळायला हवी.

प्रवेशाआधी विचारायचे पाच प्रश्न

तुम्ही सॉल्ट लेकमध्ये असा, वसईत असा की नाशिकमध्ये, मिशन शाळा निवडताना (खरं तर कुठलीही शाळा निवडताना) हे विचारून बघा:

१. या वर्गात फी न भरणारी मुलं आहेत का? ती त्याच वर्गात बसतात की दुपारच्या वेगळ्या पाळीत?

२. मागे पडलेल्या मुलासाठी शाळा नेमकं काय करते? “आम्ही पालकांना बोलावतो” हे पुरेसं उत्तर नाही.

३. मुलं भांडली, मारामारी झाली, तर पुढे काय होतं? नुसती शिक्षा, की समेटही?

४. प्रार्थना आणि धर्मशिक्षणाबद्दल इतर धर्मांच्या मुलांसाठी काय पद्धत आहे?

५. शाळेतल्या मावशी आणि वॉचमनकाका यांना मुलं नावाने ओळखतात का? हे विचारायची गरजच नाही. सुट्टीच्या वेळी फाटकाशी दहा मिनिटं उभे राहा, दिसेल.

आणि घरी?

शाळेने सगळं करावं आणि घरी आपण डिलिव्हरीवाल्या मुलाशी तुसडेपणाने बोलावं, असं चालत नाही. मुलं दोन्हीकडचा हिशोब ठेवतात.

थोड्या गोष्टी घरी सहज जमतात. डब्यात रोज एक घास जास्त द्या आणि तो वाटण्यासाठी आहे हे सांगा, पण कोणाला दिला याची चौकशी करू नका. घरकामाला येणाऱ्या ताईंच्या मुलीची शाळा कशी चालली आहे, हे तुमच्या मुलासमोर विचारा. सुट्टीत तुमच्या मुलाने तिला वाचायला मदत केली आणि तिने त्याला पतंग उडवायला शिकवलं, तर दोघांचंही काम झालं. ख्रिस्ती कुटुंबांत ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्तकाळात एखादी आवडती गोष्ट सोडून वाचलेले पैसे गरजूंसाठी ठेवायची रीत आहे. श्रावणात किंवा रमजानमध्ये हेच आपापल्या घरात वेगळ्या नावाने होतं. मुलाला तीनही सांगा, त्याला त्यातलं साम्य स्वतःच दिसेल.

आणि तुमच्या हातून चूक झाली, तर मुलाची माफी मागा. “सॉरी, मी उगाच ओरडले” हे आईच्या तोंडून ऐकलेलं मूल क्षमेचा धडा पुन्हा विसरत नाही.

डिसेंबरमध्ये पार्क स्ट्रीटवर रोषणाई होते, कोलकात्याचा ‘बोडोदिन’ सगळ्या धर्मांची माणसं केक खाऊन साजरा करतात. तेव्हा शाळेच्या नाताळ कार्यक्रमात तुमची मुलगी परीचे पंख लावून स्टेजवर असेल आणि तुम्ही मोबाईल वर करून फोटो काढत असाल. जरूर काढा. मग घरी येताना तिला एवढंच विचारा, “तुझ्या बाकावर शेजारी कोण बसतं गं? तिच्या घरी कोण कोण आहे?”

तिला उत्तर येत असेल, तर शाळा चांगली आहे.